घरात फायरप्लेस हवी? आधी धुराड्याचं बघा

फायरप्लेस घ्यायची म्हटलं की चर्चा सुरू होते ती दगड कुठला आणि भिंत कुठली यावर. खरं तर आधी छपराकडे बघायला हवं. धूर बाहेर नेणारं धुराडं तुमच्या घरात काढता येणार आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर निम्मे पर्याय तिथेच बाद होतात.

फ्लॅटमध्ये उत्तर बहुधा ‘नाही’च असतं. तिथे विजेवरची फायरप्लेस घ्या. ज्वाळा नुसत्या दिव्यांच्या, ऊब हीटरची. 2000 वॉटचा हीटर 230 व्होल्टला जवळपास 8.7 अँपिअर ओढतो आणि तासाला 2 युनिट खातो. तो 6 अँपिअरच्या प्लगवर किंवा एक्स्टेंशन बोर्डावर लावला की पिना तापतात, प्लास्टिक पिवळं पडतं आणि जळका वास येऊ लागतो. गीझरला देतो तशी 16 अँपिअरची स्वतंत्र लाइन, 4 चौरस मिमीची तांब्याची वायर, नीट अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवी. घेताना आयएसआय चिन्ह बघा, जास्त तापल्यावर हीटर आपोआप बंद होतो का ते विचारा, आणि गरम हवा कुठून बाहेर पडते ते हात धरून पाहा. ती वरून येत असेल तर वर टीव्ही टांगू नका आणि शेजारी पडदे ठेवू नका.

दुकानात ‘हिला धुराडं लागतच नाही’ म्हणून बायोइथेनॉलची, म्हणजे पातळ अल्कोहोल जाळणारी, फायरप्लेस दाखवतात. धूर होत नाही हे खरं, पण 1 लिटर इथेनॉल जळताना सुमारे दीड किलो कार्बन डायऑक्साइड आणि 900 मिलिलिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपाने खोलीतच सोडतं. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी, जिथे भिंतींची ओल आधीच वाळत नाही, तिथे ही वाफ नकोच. त्याहून मोठा धोका पुन्हा इंधन भरताना असतो. इथेनॉलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. विझली असं समजून गरम बर्नरवर कॅन उपडा केला, की वाफ पेट घेते आणि ज्वाळा कॅनपर्यंत उडते. बर्नर हाताला पूर्ण गार लागल्याशिवाय भरायचं नाही, सांडलेलं पुसून मगच पेटवायचं. आमच्या मते ही शोभेची वस्तू आहे, मुलं असलेल्या घरात तीही नको.

धुराड्याविना चालणारा एलपीजी हीटर झोपायच्या खोलीत लावू नये. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. कोळशाची शेगडी तर बंद खोलीत अजिबात नको. निखारे धूर न करताही कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतात आणि त्याला वास नसतो.

आता लाकडाची, म्हणजे बंगल्यातली खरी फायरप्लेस. उघड्या चुलाण्याची बहुतेक ऊब धुराड्यातून वर जाते, खोलीला जेमतेम दहावा हिस्सा मिळतो. काचेच्या दाराचा बंद लोखंडी स्टोव्ह चांगल्या बनावटीचा असेल तर 70 टक्क्यांपर्यंत देतो. ऊब हवी असेल तर स्टोव्हच घ्या. लाकडी भिंत किंवा फर्निचर त्याच्यापासून 36 इंच लांब हवं, एकेरी पत्र्याचा पाइप लाकडापासून 18 इंच. लाकडी छतातून पाइप नेताना दुहेरी, आत उष्णतारोधक भरलेलाच वापरावा.

उघडीच हवी असेल तर मापं चुकवू नका. धुराड्याचं आतलं क्षेत्रफळ चुलाण्याच्या तोंडाच्या किमान दहाव्या भागाइतकं: तोंड 36 × 30 इंच असेल तर 108 चौरस इंच, म्हणजे 12 इंच व्यासाचा गोल पाइप. गवंडी ‘आठ इंची पुरेल’ म्हणाला तर ऐकू नका, उरलेला धूर दिवाणखान्यात येतो. समोर 20 इंच आणि दोन्ही बाजूंना 12 इंच फरशी न जळणारी हवी. धुराडं छपरातून निघतं तिथून 3 फूट वर आणि 10 फुटांच्या आत असलेल्या कुठल्याही उंचवट्यापेक्षा 2 फूट वर न्या. नाहीतर वारा धूर खाली ढकलतो. आतून फायर ब्रिक आणि फायरक्लेचा मसाला वापरा. जांभा बाहेरून सुंदर दिसतो, पण आत लावू नका. वर्षाला 5000 मिमीहून जास्त पाऊस झेलणाऱ्या महाबळेश्वरात वर टोपी आणि जाळी नसेल तर पावसाळ्यात पाणी आणि घरटी दोन्ही आत.

पहिल्यांदा पेटवण्याआधी उदबत्तीची चाचणी करा. दारं-खिडक्या लावा, स्वयंपाकघरातली चिमणी आणि बाथरूमचा पंखा चालू करा, धुराड्याची झडप उघडा आणि तोंडापाशी उदबत्ती धरा. धुराची रेघ खोलीकडे वळली, तर चिमणी धुराड्यातूनच हवा ओढतेय. चुलाण्याजवळ भिंतीतून 4 इंची पाइपने बाहेरची हवा आत घ्या, पुन्हा तपासा. तरीही वळत असेल, तर विस्तव असताना चिमणी बंद.

लाकूड वखारीतून, निदान सहा महिने आडोशाला वाळलेलं. टोकांना चिरा पडलेल्या असतात आणि दोन ओंडके एकमेकांवर आपटले तर टणक आवाज येतो. ओलं लाकूड धप् वाजतं. ओलं जाळलं की धुराड्यात डांबरासारखा थर बसतो आणि एक दिवस तोच पेटतो. थर 3 मिमी झाला की साफ करून घ्या, आणि दर वर्षी पावसाळा संपल्यावर एकदा आत टॉर्च मारून बघाच. बंगल्याच्या आवारातलं झाड परवानगीशिवाय तोडू नका. महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड जाळायचं नाही.

ऊब टिकावी म्हणून रात्री झडप लावून झोपणं सर्वांत घातक. शेवटचा निखारा विझेपर्यंत ती उघडीच राहिली पाहिजे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म फायरप्लेसच्या खोलीत एक आणि झोपायच्या खोलीत एक लावा. महिन्यातून एकदा बटण दाबून तपासा आणि त्याच्या मागे छापलेली मुदत संपली की बदला. तो वाजला, किंवा घरात दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखून मळमळायला लागलं, तर आधी सगळ्यांना बाहेर काढा. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर, चार दिवस ठेवा आणि मगच बागेत टाका. आतला निखारा तेवढे दिवस धगधगू शकतो.