ली बाई की दू फू? कॉम्प्युटरला विचारायचं कसं

एखादी कविता ली बाईची की दू फूची, हे कॉम्प्युटरला ओळखायला लावायचंय (दोघंही चीनमधल्या थांग राजवटीच्या काळातले कवी). आधी १७०५-०६ मध्ये संकलित झालेल्या, थांगकाळातल्या जवळपास ४९ हजार कवितांच्या संग्रहातून दोघांच्या कविता वेगळ्या काढा, आणि सगळं एकाच लिपीत आणा, पारंपरिक किंवा सोपी चिनी, नाहीतर एकच अक्षर दोनदा वेगळं मोजलं जातं (माझी अख्खी रात्र यातच गेली). शब्द तोडत बसू नका, इथे बहुतेक वेळा एक अक्षर म्हणजेच एक शब्द, त्यामुळे पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत एकेक अक्षर आणि अक्षरजोड्या मोजल्या तरी भागतं. पण चार ओळींच्या कवितेत अक्षरं जेमतेम २० किंवा २८, म्हणून शंभरेक कवितांचा गठ्ठा करा, आणि नियमबद्ध व मुक्त प्रकार वेगळे ठेवा, नाहीतर कवीऐवजी छंदच मोजाल! पाठभेदही बघा, ली बाईच्या त्या प्रसिद्ध रात्रीच्या कवितेत जुन्या पाठात 'डोंगरावरचा चंद्र' आहे, प्रचलित पाठात 'उजळ चंद्र'.