स्वॅब आधी, पीव्ही नंतर

लेबर रूमला नव्याने लागलेल्या सिस्टरकडून मी पहिल्याच दिवशी एवढं घोकून घेते. पीव्ही म्हणजे बोटांनी केलेली योनीमार्गाची तपासणी. मी सोलापुरात एका खासगी प्रसूतिगृहात लागले तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिसाव्या आठवड्यातली एक ताई पोट दुखतंय म्हणून आली. बाळंतपण वेळेआधी होईल का हे बघायला फायब्रोनेक्टिनची टेस्ट करायची ठरली आणि मी सवयीने स्पेक्युलमला, म्हणजे योनी उघडून बघायच्या उपकरणाला, जेली लावून तो डॉक्टरांच्या हातात दिला. जेलीमुळे नमुना वाया गेला. खात्री करता येईना, म्हणून तिला ठेवून घेतलं, बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोन सुरू केलं. तिचा नवरा जिन्यात उभा राहून डिपॉझिटसाठी एकेकाला फोन लावत होता. ते मला अजून दिसतं.

फायब्रोनेक्टिन म्हणजे गर्भपिशवी आणि बाळाभोवतीचं आवरण यांना चिकटवून ठेवणारं प्रथिन. 24 ते 34 आठवड्यांत ते योनीतल्या स्रावात सहसा नसतं. एका मिलिलिटरमागे 50 नॅनोग्रॅम किंवा त्याहून जास्त निघालं की टेस्ट पॉझिटिव्ह. पण हिची खरी ताकद निगेटिव्हमध्ये आहे: पुढच्या आठवड्यात बाळंतपण होण्याची शक्यता फारच कमी. पॉझिटिव्ह आलेल्या कितीतरी जणींचे दिवस पूर्ण भरतात.

स्पेक्युलम फक्त निर्जंतुक पाण्याने ओला करायचा. स्वॅब पोस्टेरियर फॉर्निक्समध्ये, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडामागच्या खोलगट जागेत, साधारण 10 सेकंद हलका फिरवायचा. आधी पीव्ही केली तर बोटाच्या धक्क्यानेही प्रथिन सुटतं आणि टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येते. पाणमोट फुटली असेल किंवा रक्त जास्त जात असेल तर ही टेस्ट करूच नये. नमुना लगेच लागणार नसेल तर सरळ फ्रीजमध्ये, 2 ते 8 अंशांत. किटवर लिहिलेलं ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे मे महिन्यातली सोलापूरची खोली नव्हे.

काही ठिकाणी याच कामासाठी पट्टीची वेगळी टेस्ट असते. तिचा स्वॅब गर्भाशयाच्या तोंडाशीच 10-15 सेकंद धरतात, उत्तर पाचेक मिनिटांत मिळतं. जागा वेगळी, द्रावण वेगळं. एका टेस्टचा स्वॅब दुसऱ्या टेस्टला चालत नाही.

सगळ्यात अवघड काम मात्र एका प्रश्नाचं. गेल्या 24 तासांत संबंध आला होता का? वीर्यातही फायब्रोनेक्टिन असतं, त्यामुळे पॉझिटिव्हवर भरवसा ठेवता येत नाही. एकदा शहराच्या पूर्व भागातल्या एका विडी कामगार ताईला मी सासूसमोरच विचारलं. तिने मान हलवून नाही म्हटलं. सासूबाईंना केसपेपर आणायला खाली पाठवलं, तेव्हा माझा हात धरून हळूच म्हणाली, "काल रात्री." त्या दिवशी स्वॅब पुढे ढकलला.

तेव्हापासून पडदा ओढल्याशिवाय आणि नातेवाइकांना बाहेर बसवल्याशिवाय मी हा प्रश्न विचारत नाही. आपल्याकडे कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड. वॉर्डातल्या कुठल्या मावशींना कुठली भाषा येते, हे ड्यूटीच्या पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.