फ्लॅटच्या बाल्कनीत ओल्या कचऱ्याचं खत कसं करावं

पर्यावरणासाठी घरात सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं, तर कापडी पिशवीच्याही आधी मी ओल्या कचऱ्याचं नाव घेते. आपल्या शहरांच्या कचऱ्यात साधारण निम्मा वाटा त्याचाच असतो. डेपोवरच्या ढिगाऱ्याखाली त्याला हवा मिळत नाही. तो सडतो आणि त्यातून मिथेन निघतो. मुंबईत देवनारचा कचरा जानेवारी २०१६ मध्ये पेटला आणि पुढचे काही दिवस धुमसत राहिला. पुण्याच्या कचऱ्याचा वास तर उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसला. आपली भाजीची देठं दुसऱ्याच्या दारात का जावीत? ती बाल्कनीतच जिरवता येतात.

भांडं. झाकणाच्या दोन जुन्या बादल्या घ्या, वीस-पंचवीस लिटरच्या. बाजूंना चार-चार बोटांवर आणि तळाला पाच-सहा भोकं ड्रिलने पाडून घ्या. बादली दोन विटांवर ठेवा आणि खाली ताटली सरकवा. जागा सावलीची हवी, पावसाची झड न येणारी. महागडं यंत्र विकत घ्यायची काही गरज नाही.

सुका माल. याची सोय आधी करा आणि मगच पहिली साल टाका. बहुतेकांचं खत इथेच बिघडतं. सर्वांत उत्तम म्हणजे वाळलेला पालापाचोळा. पानगळीच्या दिवसांत सोसायटीत झाडलेली पानं अनेकदा पेटवून दिली जातात. झाडणाऱ्या मावशींना सांगून दोन पोती भरून ठेवा, पुढचे कित्येक महिने पुरतात. पानं नसतील तर नर्सरीतलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, चालेल. सुताराकडचा भुसा साध्या लाकडाचाच घ्या. प्लायवूडच्या भुशात डिंक-रसायनं असतात, तो नको.

रोजचं काम. तळाला चार बोटं पानं पसरा. त्यावर दिवसभराची सालं, देठं, चहाचा चोथा आणि निर्माल्यातली फुलं बारीक चिरून टाका. हाराचा दोरा आधी काढून घ्या. चहा साखरेचा असेल तर चोथा धुऊन टाका, मुंग्या लागत नाहीत. मग ओल्या मालाइतकाच सुका माल वर पसरून तो पूर्ण झाका. हिरव्या मालात नायट्रोजन जास्त असतो आणि वाळलेल्या पानांत कार्बन. कुजवणाऱ्या जिवाणूंना दोन्ही लागतात. पहिल्या आठवड्यात पळीभर आंबट ताक पाण्यात कालवून शिंपडा. कुणाकडे तयार खत असेल तर त्यातलं मूठभर विरजणासारखं घाला.

मांस-मासे, हाडं आणि तेलकट रस्सा यात नको. नारळाची करवंटी आणि आंब्याची कोय लवकर कुजत नाही. लिंबाची सालं थोडी चालतात, रसवंतीइतकी नाही. शिळा भात-पोळी टाकायचीच असेल तर अगदी थोडी आणि भरपूर पानांत मिसळून.

हलवणं. आठवड्यातून दोनदा खुरप्याने खालवर करा. आतला माल हाताला कोमट लागला तर काम नीट चाललं आहे. ओल तपासायला मूठभर माल घट्ट दाबा. पाणी ठिबकलं तर सुका माल वाढवा. गोळाच होत नसेल तर पाण्याचा हबका मारा. गोळा होऊन बोटाने सहज फुटला की ओल बरोबर आहे.

वास आणि अळ्या. बरेच लोक इथे हात टेकतात, आणि खरं तर उपाय सोपा असतो. कुजका वास आला म्हणजे आत हवा कमी आणि पाणी जास्त झालं. सगळं उपसून हलवा, दोन ओंजळी पानं मिसळा. एक-दोन दिवसांत वास जातो. चिलटं आली तर उघडा राहिलेला ओला माल झाका आणि वर मूठभर निंबोळी पेंड पसरा. पावसाळ्यात जाड, करड्या अळ्या दिसतात. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात. ही माशी चावत नाही, ताटावर बसत नाही आणि तिच्या अळ्या कचरा झपाट्याने संपवतात. त्यांना राहू द्या. औषध फवारू नका, त्याने जिवाणूही मरतात. ओल कमी केली की अळ्याही कमी होतात.

खत तयार. पहिली बादली भरली की तिच्यात नवा कचरा टाकू नका, दुसरी सुरू करा. भरलेली मात्र हलवत राहा. सहा ते आठ आठवड्यांत माल काळसर, भुसभुशीत होतो आणि त्याला मातीचा वास येतो. थंडीत जरा जास्त वेळ लागतो. दोन दिवस सावलीत पसरून चाळा. चाळणीवर राहिलेली जाड देठं दुसऱ्या बादलीत टाका, तेच तिचं विरजण.

नुसत्या खतात रोप लावू नका. तीन भाग मातीला एक भाग खत पुरे. कुंडीतल्या तुळशीला, कढीपत्त्याला महिन्यातून एकदा मूठभर घालून वरची माती हलकेच उकरा. कुंड्यांना देऊन उरलं तर ज्या झाडाची पानं आणली, त्याच्याच आळ्यात घाला.