तालुक्यात दिव्यांगांचा मंच उभा करायचा असेल तर

मंच काढायचा म्हटलं की आपल्याकडे आधी लेटरहेड छापतात, मग अध्यक्ष ठरतो, मग उद्घाटनाला कोणाला बोलवायचं यावर दोन बैठका होतात. सभासद कोण, याचा विचार सगळ्यांत शेवटी. असे मंच जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत फलकांपुरते उरलेले दिसतील. हा क्रम उलटा करायचा आहे. लेटरहेडची पहिले सहा महिने गरज पडत नाही, आणि बैठकीला कोण पोहोचू शकला नाही हे मात्र पहिल्या दिवसापासून लिहून ठेवावं लागतं.

पहिलं काम यादीचं

अख्खा तालुका एकदम घेऊ नका. ज्या गावाला आठवडे बाजार भरतो ते गाव आणि त्या बाजाराला येणारी आजूबाजूची पाच-सहा गावं, एवढी हद्द सुरुवातीला पुरे. ग्रामपंचायतीत दिव्यांगांची नोंद असते, ती मागून घ्या, पण तिच्यावर विसंबू नका. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांना सोबत घेऊन घरोघर फिरल्याशिवाय खरी यादी होत नाही.

यादी पुरी झाली की नाही, हे ताडून पाहायला एक ढोबळ हिशेब आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. तीन हजार वस्तीच्या गावात त्या हिशेबाने ६५ च्या आसपास माणसं निघायला हवीत. तुमच्याकडे वीसच नावं आली असतील तर बाकीची घरात आहेत.

ती का सुटतात, हेही सांगतो. काठी, कुबडी किंवा तीनचाकी दिसली की नाव लिहिलं जातं. पण २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकार आहेत. १९९५ च्या कायद्यात ते सातच होते. कडबाकुट्टीत हात गेलेला शेतकरी कोणाच्याही लक्षात येतो. मानसिक आजार असलेली सून, स्वमग्न मुलगा, बरा झालेला कुष्ठरुग्ण, पार्किन्सनचे आजोबा लक्षात येत नाहीत. आपल्या भागात तर सिकलसेलचा, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा, मुद्दा फार मोठा आहे. नंदुरबार जिल्ह्यात, साक्री-शिरपूरच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार बराच आढळतो, आणि तो २१ प्रकारांपैकी एक आहे. पोरगा दिसायला धडधाकट असतो, महिन्यातून चार दिवस सांधेदुखीने अंथरुणाला खिळतो आणि शाळेत त्याच्या नावापुढे ‘सतत गैरहजर’ लागतं. त्याच्या आईबापांना तो ‘दिव्यांग’ आहे असं कोणी सांगितलेलंच नसतं.

अक्राणी, अक्कलकुवा, नवापूरकडे यादी करणार असाल तर वेळ बघा. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. त्या दिवसांत गेलात तर कुलपं मोजून परत याल. पावसाळा संपता संपता किंवा होळीला माणसं गावी आली की जा.

नाव, वय आणि प्रकार याशिवाय तीन गोष्टी नोंदवा: प्रमाणपत्र आहे का, फोन कोणाच्या हातात असतो, आणि बैठकीला यायचं तर कोण आणणार. यादी एकाच माणसाकडे ठेवा. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ती टाकायची नाही. मानसिक आजार किंवा सिकलसेल ही लग्नाच्या बाजारात घरं मोडणारी माहिती आहे, आणि ज्याचं नाव त्याला विचारल्याशिवाय ती बाहेर जाता कामा नये.

पहिली बैठक

जागा निवडताना नेहमीची चूक म्हणजे ग्रामपंचायतीचा वरच्या मजल्यावरचा हॉल. तळमजला हवा, जवळ वापरता येण्याजोगा संडास हवा, आणि गावातल्या सगळ्या वस्त्यांमधली माणसं मोकळेपणाने येतील अशी जागा हवी. देवळाचा सभामंडप सोयीचा वाटतो, पण तिथे काही घरं येत नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेची पडवी बहुतेक ठिकाणी बरी. उताराचं प्रमाण १ ला १२ हे लक्षात ठेवा: ओटा एक फूट उंच असेल तर रॅम्प बारा फूट लांब लागतो. दोन पायऱ्यांवर टाकलेली फळी म्हणजे रॅम्प नव्हे, त्यावरून चाकाची खुर्ची चढत नाही, माणूस मात्र पडतो.

दिवस बाजाराचा धरा, कारण त्याच दिवशी रिक्षा आणि जीपा खेड्यापाड्यांतून चालू असतात. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा सकाळी दहाच्या आत उरका. आखाजीला (अक्षय तृतीयेला), पोळ्याला बैठक ठेवू नका, आणि ऐन कापूस वेचणीतही नको. दिव्यांग माणूस रिकामा असला तरी त्याला आणणारा भाऊ नाहीतर बायको शेतात असते. एसटीला दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, पण ज्या गावाला दिवसातून दोनच फेऱ्या होतात तिथे सवलतीचा काय उपयोग. म्हणून मंचाचा पहिला खर्च चहा-पोह्यांचा नसतो, रिक्षाचा असतो. तीन गावांमिळून एक रिक्षा ठरवली तर भागतं.

बैठकीत गोल बसा. एका वेळी एकानेच बोलायचं, बोलण्याआधी स्वतःचं नाव सांगायचं. न दिसणाऱ्यांना कोण बोलतंय ते कळतं, आणि ऐकू न येणाऱ्यांना कोणाच्या तोंडाकडे बघायचं ते कळतं. आपल्या खेड्यांतल्या अनेक कर्णबधिरांना शाळेतली सांकेतिक भाषा येत नाही, घरातल्या खुणाच येतात. त्यांची बहीण किंवा आई शेजारी बसवा, आणि जवळ कर्णबधिरांची शाळा असेल तर तिथल्या शिक्षकांना एक तास मागा. बोलायची भाषा मात्र घरची ठेवा. अहिराणी, पावरी, मावची, भिली, लेवा, जे गाव जे बोलतं ते. ‘सदर योजनेअंतर्गत पात्र लाभार्थी’ अशी सुरुवात झाली की अर्धी माणसं मनाने उठून गेलेली असतात.

बायका आपणहून येणार नाहीत. घरचे पाठवत नाहीत, विशेषतः अविवाहित मुलीला. त्यासाठी दोन बायकांनी तिच्या घरी जाऊन तिला सोबत आणायचं आणि परत सोडायचं. निरोप धाडून हे होत नाही.

भाषणं नकोत. एकच प्रश्न विचारा: येत्या दोन महिन्यांत कोणतं एक काम झालं तर तुमचं अडलेलं सुटेल?

पहिलं यश: प्रमाणपत्र आणि कार्ड

उत्तरं वेगवेगळी येतात, पण निम्म्याहून अधिक गाठी एकाच जागी सुटतात. ती जागा म्हणजे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. घरी गेलात की पहिला प्रश्न येणार, ‘भाऊ, कार्ड काढीसन काय भेटी?’ याचं उत्तर तोंडपाठ असू द्या. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर एसटीची सवलत, तहसीलमधून संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, घरकुल आणि गरिबी निर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के राखीव जागा, आणि सरकारी नोकरीत बऱ्याच प्रकारांना मिळून ४ टक्के आरक्षण. सिकलसेलच्या मुलाला मात्र नोकरीचं आरक्षण सांगू नका, रक्ताचे आजार त्या ४ टक्क्यांच्या यादीत नाहीत. खोटी आशा दाखवली तर पुढच्या बैठकीला तो येणार नाही, आणि बरोबरच करेल.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा असतो. गावच्या सेवा केंद्रात तो भरून मिळतो. पुढे सरकारी रुग्णालयात तपासणी. इथे मंचाची खरी किंमत कळते. एकटा माणूस धडगावहून नंदुरबारला घाट उतरून जातो आणि ‘कानाचे डॉक्टर आज नाहीत’ ऐकून परत येतो, रोजगार बुडवून. मंचाने आधी फोन करून कोणत्या दिवशी कोणते तज्ज्ञ बसतात ते विचारायचं, त्याप्रमाणे माणसांचे गट पाडायचे, आणि एक गाडी करून गट न्यायचा. सोबत आधार, रहिवासाचा पुरावा, फोटो, जुने रिपोर्ट असतील ते सगळे, आणि डबा. मानसोपचारतज्ज्ञ आणि श्रवणचाचणी यांचे दिवस खास विचारा, खोळंबा तिथेच होतो.

ग्रामपंचायतीचे पाच टक्के

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. नगरपालिका आणि जिल्हा परिषदेलाही तेच लागू आहे. घरपट्टी वगैरेचं उत्पन्न चार लाख असेल तर वीस हजार. रक्कम लहान दिसते, पण तिच्यावर गावाचा हक्क सांगायची सवय इथूनच लागते.

पद्धत सरळ आहे. लेखी अर्ज करा: गेल्या तीन वर्षांत स्वनिधी (पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न) किती जमला, ५ टक्के किती झाले, कशावर खर्च झाले. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय ओटा उतरायचा नाही. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, आणि मुदत ३० दिवसांची. मग २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय घ्यायला लावा, आणि ठरावाच्या इतिवृत्तात तो लिहिला गेला का ते डोळ्यांनी बघा. हात वर करून संमत झालेले कित्येक ठराव वहीत उतरतच नाहीत.

माझं मत विचाराल तर हे पैसे डोईप्रमाणे पाचशे-सातशे वाटून टाकण्याला मंचाने आपणहून होकार देऊ नये. वाटप सरपंचाला सोयीचं असतं, फोटो निघतो. त्यापेक्षा दोघांना चाकाच्या खुर्च्या, एकाला शिवणयंत्र, किंवा आरोग्य उपकेंद्राला रॅम्प अशी मागणी गावात टिकते. पण हे बैठकीत ठरू द्या. ज्याच्या घरात औषधाला पैसे नाहीत त्याला पाचशेचीही किंमत असते.

कार्यकारिणी, पैसा, नोंदणी

दोन-तीन कामं झाली की माणसं ओळखू येतात. मग कार्यकारिणी करा. निम्म्याहून जास्त जण स्वतः दिव्यांग हवेत, पालक आणि हितचिंतक कमी. एकाच प्रकारच्या दिव्यांगांच्या हातात सगळी पदं गेली की बाकीचे गळतात, हे फार वेळा होतं. बौद्धिक दिव्यांग मुलांचे आईवडील कार्यकारिणीत हवेतच, त्यांची काळजी वेगळी असते: आमच्या माघारी याचं कोण बघणार? त्यांच्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. कायदेशीर पालकत्व तिथे मागता येतं, आणि स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक व बहुविकलांगता असलेल्यांसाठी निरामय ही आरोग्य विमा योजनाही त्याच न्यासाची.

पंचायत किंवा जिल्हा परिषदेला उभं राहायचं मनात असलेल्याला अध्यक्ष करू नका. सभासद म्हणून बसू द्या, त्याची धावपळ उपयोगी पडते.

वर्गणी महिना दहा-वीस रुपये ठेवा, पण ठेवा. बँक खातं दोन सह्यांचं हवं. जमा-खर्चाची वही प्रत्येक बैठकीत मोठ्याने वाचायची, म्हणजे न दिसणाऱ्यालाही हिशेब कळतो आणि दिसणाऱ्यालाही.

नोंदणी हवी असेल तर किमान सात जण लागतात. संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० अशी दोन्ही नोंद धर्मादाय कार्यालयात होते. त्यानंतर दरवर्षी हिशेब सादर करण्याचं लोढणं मागे लागतं. देणगी किंवा प्रकल्प घ्यायचा नसेल तर घाई करू नका. अर्ज, माहिती अधिकार, ग्रामसभा यांतलं काहीच नोंदणीवाचून अडत नाही. कर्जाची गरज असलेल्यांनी ‘उमेद’ या सरकारच्या ग्रामीण बचतगटांच्या अभियानात दिव्यांगांचा बचतगट करावा. तिथे दिव्यांगांच्या गटाला पाच सभासदही चालतात.

काम अडलं तर

तहसील, पंचायत समिती, जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग, अशा पायऱ्या चढून झाल्यावर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. चौकशीत त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, म्हणून तक्रारीला आवक क्रमांकांच्या प्रती जोडलेल्या असल्या की तिला वजन येतं. चारचौघांत दिव्यांग माणसाला जाणूनबुजून अपमानित करणं हा २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ खाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. हे कलम रोज दाखवत फिरू नये, पण बसस्थानकावर, कार्यालयात कोणी वेडंवाकडं बोललं तर ते माहीत असलेला एक सभासद पुरतो.

३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनाचे कार्यक्रम होतात, मंचालाही बोलावणं येईल. स्टेजला पायऱ्याच असतील तर आधीच कळवा की आमचे लोक खालीच बसतील आणि पाहुण्यांनी खाली यावं. आणि साडी-नारळ घेऊन परतण्याऐवजी वर्षभरातल्या प्रलंबित अर्जांची आवक क्रमांकांसह यादी दोन प्रतींत सोबत न्या: एक प्रत पाहुण्यांना, दुसरीवर त्यांची पोच.