मोशन ग्राफिक्ससाठी व्हिडिओ फॉरमॅट कसा निवडावा?

गेल्या गणपतीत वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारच्या एका मंडळासाठी मी ‘मंगलमूर्ती मोरया’ची अक्षरं ॲनिमेट करून दिली. माझ्या स्क्रीनवर सोनेरी झळाळी सुरेख दिसत होती. मिरवणुकीच्या व्हिडिओवर ठेवली, तर शिरोरेषेच्या खालून काजळाची रेघ ओढावी तशी काळी कड उमटली. रंग ठीक होते, ॲनिमेशनही ठीक होतं. घोळ फॉरमॅटचा होता. म्हणून ही निवड कामाच्या सुरुवातीलाच करून टाकावी.

आधी एक गोष्ट पक्की करा. एमपी-४ किंवा एमओव्ही हे नुसते डबे आहेत. आत चित्र कसं भरलंय ते कोडेक ठरवतो. फोनच्या एमपी-४मध्ये सहसा एच.२६४ किंवा एचईव्हीसी हा कोडेक असतो. त्यात बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्या नसतात, शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच असतं. बघायला ते उत्तम. पण कॉम्पोझिटिंगमध्ये, म्हणजे चित्रांचे थर एकमेकांवर रचताना, आपण फ्रेम-फ्रेम मागेपुढे करतो, तेव्हा संगणक धापा टाकतो.

म्हणून फुटेज हाती आलं की ते प्रोरेज ४२२ एचक्यू किंवा डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स या प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवणाऱ्या, एडिटिंगसाठीच्या कोडेकमध्ये बदलून घ्या. फोनवर शूट केलं असेल तर फ्रेम रेट बहुधा कमीजास्त होत राहतो. तोही याच वेळी सेकंदाला २५ फ्रेमवर स्थिर करा. गेलेला रंग याने परत येत नाही, पण पुढची झीज जवळजवळ थांबते.

हिरव्या पडद्यावर शूट करणार असाल, तर कॅमेऱ्यात १० बिट ४:२:२ आहे का ते आधी बघा. बिटवरून रंगाच्या छटा किती ते ठरतं, आणि ४:२:२सारख्या आकड्यांवरून रंग किती बारकाईने नोंदला जातो ते. ४:२:०मध्ये १९२० × १०८०च्या चित्रातला रंग फक्त ९६० × ५४० एवढाच नोंदला जातो, आणि ‘की’ काढताना, म्हणजे हिरवा पडदा चित्रातून वगळताना, केसांच्या कडा पायऱ्यांसारख्या तुटतात. सूरसागर तलावावरच्या संध्याकाळच्या आभाळाचंही तेच: ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा, १० बिटमध्ये १०२४. रंग जरा ताणला की ८ बिटच्या आभाळात पट्टे उठतात. प्रोजेक्टही १६ बिटवर ठेवा.

आता अल्फा, म्हणजे पारदर्शकता. नेहमीच्या एच.२६४ फाइलमध्ये ती टिकत नाही, प्रोरेज ४२२मध्येही नाही. दुसऱ्याच्या व्हिडिओवर ठेवायची अक्षरं प्रोरेज ४४४४मध्ये किंवा पीएनजी सीक्वेन्समध्ये (प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्र-फाइल) द्या. अल्फाचे प्रकार दोन. स्ट्रेटमध्ये कडेचा रंग शुद्ध असतो. प्रीमल्टिप्लाइडमध्ये तो आधीच काळ्यात मिसळलेला असतो. दुसऱ्या प्रकारची फाइल सॉफ्टवेअरने पहिल्या प्रकारची समजून वाचली, की तो काळा रंग कडेला उरतो. माझ्या शिरोरेषेला हेच झालं होतं. आफ्टर इफेक्ट्समध्ये ‘इंटरप्रिट फुटेज’मध्ये जाऊन प्रकार बदलला आणि कड गेली, पुन्हा रेंडर करावं, म्हणजे ॲनिमेशनची फाइल नव्याने काढावी, लागलं नाही. फाइल देण्याआधी ती पांढऱ्या आणि एका भडक रंगाच्या लेयरवर ठेवून कडा मोठ्या करून बघा. काळ्यावर हा दोष दिसतच नाही, आणि आपण सगळे काळ्यावरच काम करतो!

जागेचाही हिशोब करा. १०८०पी, २५ फ्रेमचं प्रोरेज ४४४४ साधारण २७५ मेगाबिट प्रति सेकंद घेतं, म्हणजे मिनिटाला दोन जीबीच्या आसपास.

रेंडर लांबलचक असेल तर थेट व्हिडिओ काढू नका, इमेज सीक्वेन्स काढा. ४० सेकंदांच्या १००० फ्रेम. ७३०व्या फ्रेमला वीज गेली तर तिथूनच पुढे चालू. व्हिडिओ फाइल मात्र बहुतेक वेळा निकामी होते. थ्रीडीतून येणारं काम असेल तर ईएक्सआर हा इमेज फॉरमॅट घ्या. पांढऱ्यापेक्षाही तेजस्वी प्रकाश त्यात टिकतो, त्यामुळे दिव्याची झळाळी नंतरही कमीजास्त करता येते.

एच.२६४ अगदी शेवटी, मास्टर फाइलवरून, म्हणजे पूर्ण दर्जाच्या अंतिम फाइलवरून, एकदाच काढा. वेब पानावर पारदर्शक ॲनिमेशन हवं असेल तर व्हीपी९ कोडेक असलेली वेबएम फाइल चालते. सफारीसाठी एचईव्हीसीची अल्फावाली फाइल वेगळी काढून ठेवा. एलईडी पडद्याचं काम असेल तर पडदा किती बाय किती पिक्सेलचा आहे आणि प्लेअर कोणता कोडेक घेतो, हे ऑपरेटरला आदल्या दिवशीच विचारा. प्रोजेक्ट आणि मास्टर जपून ठेवा, कारण पुढच्या भाद्रपदात मंडळ तेच शीर्षक फक्त साल बदलून मागतं.