गाडीच्या धडकेत मुका मार लागला तर काय करायचं?

गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर मागून कुणीतरी ठोकतो. बंपर चेपतो, रक्त येत नाही, म्हणून सगळे ‘काही नाही झालं’ म्हणत गाव गाठतात. दुसऱ्या दिवशी मान वळत नाही. मुका मार चढायला दिवस-दीड दिवस घेतो.

आधी डॉक्टर. हातापायाला मुंग्या, बधिरपणा, मणक्यावर मधोमध दुखणं, उलट्या किंवा वाढती डोकेदुखी असेल तर मान हलवू नका, १०८ लावा. वय ६५च्या पुढे असेल तर त्रास नसला तरी तपासून घ्या. एक्स-रेत हाड दिसतं, स्नायू दिसत नाहीत. ‘एक्स-रे नॉर्मल’ म्हणजे मार लागलाच नाही असं नव्हे.

पहिले दोन-तीन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ, एका वेळी १५-२० मिनिटं. फ्रिज नसेल तर मासळी बाजारात मिळतो. हातापायाला क्रेप बँडेज बांधा, पाय उशीवर ठेवा.

आता खरी अडचण, घरच्यांची. पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी निगडीचा पाला गरम करतं, कुणी चोळणारा बोलावतं. दोघांनाही चहा पाजून परत पाठवा. ताज्या माराला शेक दिला, रगडलं, की आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. शेक हवाच असेल तर सूज उतरल्यावर.

दुसरी खोड मानेच्या पट्ट्याची. हाड शाबूत आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यावरही लोक महिनाभर पट्टा लावून ओटीवर बसतात. मान आणखी आखडते, स्नायू ढिले पडतात. मलाही सुरुवातीला हाच टप्पा सगळ्यात जड गेला: दुखत असताना हलवायचं कसं? सावकाश हलवायचं. हनुवटी एका खांद्याकडे, मग दुसऱ्या. ताण जाणवेल तिथवरच, झटका नाही. पाच-दहा वेळा, दिवसातून बऱ्याचदा. करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर निम्मं करा, बंद करू नका. मुंग्या सुरू झाल्या तर मात्र थांबा आणि डॉक्टरांकडे जा.

चालणं, हलकी कामं लगेच. नारळाची पोती, पाण्याची कळशी काही आठवडे दुसऱ्याने उचलावी. गोळ्या डॉक्टरांना विचारून.

खांद्यावरून मागचं सहज दिसेपर्यंत गाडी चालवू नका. पावत्या, रिपोर्ट जपा, विम्याला लागतात.