लिनक्सची आयएसओ पेनड्राइव्हवर चढवण्याआधी कशी तपासावी

आयएसओ (म्हणजे लिनक्स बसवण्यासाठीची फाइल) उतरली की कधी एकदा पेनड्राइव्हवर चढवतो असं होतं. पाच मिनिटं दम धरा. २० फेब्रुवारी २०१६ रोजी हल्लेखोरांनी लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकाराच्या साइटमध्ये शिरून डाउनलोडची लिंकच बदलली होती. मिंटच्या १७.३ सिनॅमन या आवृत्तीच्या जागी लोकांना बॅकडोअर (संगणकात गुपचूप शिरायची चोरवाट) घातलेली आयएसओ मिळत होती.

आधी आयएसओसोबत दोन छोट्या फाइली उतरवा: हॅशची (फाइलीच्या मजकुरावरून काढलेल्या, ती बदलली की बदलणाऱ्या खुणांची) यादी आणि त्या यादीवरची डिजिटल सही. तिन्ही एकाच फोल्डरात ठेवून तिथेच टर्मिनल उघडा. बरेच जण थेट हॅश जुळवून मोकळे होतात. पण साइटच हॅक झाली असेल तर आयएसओ बदलणारा यादी बदलायला विसरेल कशाला? म्हणून आधी सही.

सहीसाठी प्रकल्पाची सार्वजनिक चावी (जिने सही खरी की खोटी ते कळतं) जीपीजी या सह्या तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये इम्पोर्ट करा आणि तिचा फिंगरप्रिंट, म्हणजे त्या चावीची ओळखखूण, बघा. तो ४० अक्षरांचा असतो. चार-चारच्या गटांनी, बोट ठेवून, पूर्ण जुळवा, तोही त्याच डाउनलोड पानावरून नव्हे. आधीपासून ती प्रणाली चालवणारं कुणी ओळखीचं असेल तर उत्तमच. शेवटची आठ अक्षरं जुळली म्हणून हुरळू नका. तेवढी जुळणारी बनावट चावी लोकांनी बनवून दाखवली आहे.

आता जीपीजीला व्हेरिफाय हा पर्याय, मग सहीची फाइल आणि शेवटी यादी द्या. क्रम चुकवू नका. 'गुड सिग्नेचर' आलं की झालं. त्याखाली चावी प्रमाणित नसल्याचा इशारा येतो, त्याला नवखे हमखास घाबरतात. तुम्ही त्या चावीवर विश्वासाची नोंद केलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. फिंगरप्रिंट तर तुम्ही स्वतः जुळवला आहे. 'बॅड सिग्नेचर' दिसलं तर मात्र तिथेच थांबा.

अर्थात सही फक्त फाइल कुणाची ते सांगते, त्याची नियत नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली कॉम्प्रेस करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत सापडलेला बॅकडोअर प्रकल्प सांभाळणाऱ्याच्याच खात्यातून आला होता. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना तो सापडला, तो एसएसएच (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा छडा लावताना.

राहिला हॅश. शा-२५६ तपासणाऱ्या कमांडला चेक पर्यायासह ती यादी द्या. आयएसओच्या नावापुढे 'ओके' आलं पाहिजे. यादीतल्या न उतरवलेल्या फाइलींबद्दल ती कुरकुर करेल, तिकडे दुर्लक्ष करा. हॅश जुळला नाही तर बहुतेक वेळा डाउनलोड अर्धवट तुटलेलं असतं. फाइल उडवून दुसऱ्या मिररवरून (त्याच फाइलींच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरवरून) उतरवा. पुन्हा तेच झालं तर पेनड्राइव्हला हात न लावता प्रकल्पाला कळवा.